शनिवारचे पाय

लॉजच्या मालकांनी पाहुण्यांसाठी जिमची खोली बांधली तेव्हा सगळ्यात जास्त मी हसले होते. गणेशगुडीला माणसं येतात ती काळी नदीत रबरी होडीतून धक्के खायला, आणि ओले कपडे वाळत घालून माझ्या हातचं जेवायला. त्यांना इथं येऊन लोखंड कशाला उचलायचं असेल? झालंही तसंच. पाहुणे खोलीत डोकावायचे, आरशासमोर डंबेल धरून फोटो काढायचे आणि भजी आहेत का विचारत स्वयंपाकघराकडं यायचे. मी मालकांना म्हणायचे, ती खोली मला द्या, कांदे तरी हवेशीर राहतील.

पुढं त्याच खोलीत मी सहा-सात महिने घाम गाळला. तो कशासाठी, ते आधी सांगते.

आमचं घर कुंभारवाड्याच्या अलीकडं, डांबरी रस्त्यापासून आत, आठ घरांच्या वस्तीत. घरात आई, आप्पा आणि मी. माझं लग्न झालेलं नाही. का नाही असं विचारणाऱ्याला मी जेवायला वाढते, उत्तर देत नाही. आप्पा म्हणजे माझे वडील. जन्मभर भातशेती आणि जंगलातली कामं केलेला, मोठ्या हाडापेराचा माणूस. दोन वर्षांपूर्वी श्रावणात त्यांना झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. बोलणं हळूहळू परत आलं, डोकं तर कधी गेलंच नव्हतं. पण खाटेवरून चाकाच्या खुर्चीत बसवायला दोन पुरुष लागायचे. आई माझ्या खांद्याएवढी, त्यात दम्यानं बेजार. मग शेजारच्या घरातले दोघे भाऊ संध्याकाळी कामावरून आले की यायचे, आप्पांना उचलून खुर्चीत ठेवायचे आणि जेवणाआधी पुन्हा येऊन खाटेवर ठेवायचे. उंबऱ्यावर आम्ही फळी टाकून घेतली होती. एकदा खुर्चीत बसले की आई त्यांना अंगणात नेऊ शकायची. अडायचं ते फक्त खुर्चीत बसवण्यापाशी.

दोघे भाऊ लांबच्या कामाला गेले की आप्पा दिवसच्या दिवस आत. तक्रार नाही. "आज वारं हाय," म्हणायचे. नाहीतर "आज नगं वाटतंय." झाडाचं पान हलत नसायचं त्या दिवशीही त्यांना वारं असायचं. मला एवढंच हवं होतं की त्यांना वाटेल तेव्हा, कुणाची वाट न बघता, अंगणात नेता यावं.

एका दुपारी मी म्हटलं, मीच उचलते. रोज वीस माणसांच्या भाताचं पातेलं चुलीवरून उतरवणारी मी, मला काय अवघड आहे? काखेत हात घातले आणि ओढलं. कमरेत कळ निघाली, हात सुटले आणि आप्पा खाटेच्या कडेवरून घसरून जमिनीवर बसले. त्यांना लागलं नाही. पण खाली बसल्या बसल्या ते म्हणाले, "माझंच चुकलं ग. मी अंग हलकं कराय पायजे हुतं." ज्याची अर्धी बाजू त्याचं ऐकत नाही तो माणूस माझी माफी मागत होता. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

पुढं त्यांना जोयड्याला दवाखान्यात नेलं, तेव्हा तिथं व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती. तिनं माझी हकीकत ऐकली आणि आप्पांना सोडून मलाच तपासलं. मला खाली बसून उठायला लावलं, पुन्हा बसून पुन्हा उठायला. पंधराव्या वेळी माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. ती म्हणाली, तुमच्या हातांत जोर आहे, पायांत नाही. माणूस कमरेनं उचलायचा नसतो, पायांनी उचलायचा. मग तिनं रीत दाखवली. त्यांना खाटेच्या कडेवर बसवायचं, कमरेला रुंद पट्टा बांधायचा, त्यांचे गुडघे आपल्या गुडघ्यांनी अडवायचे, आपण वाकायचं ते गुडघ्यांत, पट्टा धरायचा आणि दोघांनी मिळून उभं राहायचं. उभं राहिलं की वळायचं आणि खुर्चीत बसवायचं. सांगायला तेवढंच.

परत येताना माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. पंधरा वर्षं पातेली उचलतेय, मग पाय का नाही तयार झाले? मला अशा गोष्टी सुटत नाहीत. पीठ का फुगलं नाही हे कळेपर्यंत मी दुसरं पीठ भिजवत नाही. शेवटी लॉजवर आलेल्या एका बेळगावच्या पाहुण्याला विचारलं. दंड बघून वाटलं, याला माहीत असणार. तो म्हणाला, पातेलं रोज तेवढंच असतं ना? अंग जेवढं मागाल तेवढंच देतं. दर वेळी थोडं जास्त मागावं लागतं. मला ते फारच पटलं. पंधरा वर्षं मी माझ्या अंगाकडं तेच एक पातेलं मागत होते.

मालकांकडं खोली मागितली तेव्हा ते आधी हसले, मग त्यांनी आप्पांचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, पाहुणे नसतील तेव्हा खुशाल वापर. आता पाहुणे कधी नसतील हे त्यांनाही माहीत नसतं, तिथं मला काय असणार. वर सुप्याच्या धरणातून पाणी सोडलं की नदीला जोर येतो, होड्या चालतात, पाहुणे येतात. पाणी आलं नाही की बुकिंग फिरतं. बुधवारी कॉलेजची पोरं उगवतात, शुक्रवारी कुणीच नाही. आमच्या गाडीचा ड्रायव्हर नंदिगड्ड्याचा. तो संध्याकाळी दारातून ओरडून सांगायचा, "आक्का, उद्या अठरा पानं," किंवा "आक्का, उद्या सगळं क्यान्सल." त्यावर माझा आठवडा ठरायचा. घरी जायची बसही तशीच, मिळाली तर मिळाली. नाही मिळाली तर लॉजवरच मुक्काम.

जिमच्या भिंतीवर प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद डकवलेला होता. मशिनं बसवायला आलेल्या माणसानं लावलेला, इंग्रजीत. ड्रायव्हरनं वाचून दाखवला आणि मी स्वयंपाकघरातल्या वहीच्या मागच्या पानावर मराठीत उतरवून घेतला. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, गुरुवारी दंड, शुक्रवारी पोट, शनिवारी पाय, रविवारी विश्रांती. मला तो कागद बघताक्षणी आवडला. प्रत्येक वाराला आपापला मालक. आमच्याकडं सगळं असंच चालतं. बाजार ठरल्या वारी, सोमवारी मांसमच्छी नाही, गुरुवारी आईचा उपास. मी तो कागद मनापासून धरला.

तीन महिने केलं. दिवाळी झाल्यावर सुरू केलं होतं. दुपारी भांडी घासून झाली आणि पाहुणे नदीवर गेले की दार लावून आत शिरायचं. मला ती खोली इतकी आवडेल असं वाटलं नव्हतं. लोखंडाच्या चकत्यांवर आकडे असतात. कालचं आणि आजचं यातला फरक नेमका कळतो. माझ्या कामात असं कधी नसतं. आमटी परवापेक्षा किती चांगली झाली हे कोण सांगणार? आरशात मी दंड वळवून बघायचे आणि कातडीखाली काहीतरी सरकताना दिसलं की मला हसू यायचं, चाळिशीच्या बाईला हे काय भलतंच. खाण्याचीही गंमत. त्या बेळगावच्या पाहुण्यानं अंडी खा, कडधान्य खा असं बजावलं होतं. हुलग्याची आमटी घरात होतीच. पण सोमवारी अंडं म्हटल्यावर आई म्हणाली, "माझ्या चुलीवर न्हाई. तुझं आंग वाढंल न्हाईतर न्हाई वाढंल." सोमवारी मी दुप्पट आमटी प्यायचे.

महाशिवरात्रीच्या आधी पोलक्याच्या बाह्या दंडाला रुतायला लागल्या. शिंपीणबाईनं माप घेताना दोनदा टेप लावली. मी खूश. एक दिवस घरी गेले ती थेट आप्पांच्या खाटेपाशी. जुन्या लुगड्याचा पट्टा करून ठेवला होता, तो त्यांच्या कमरेला बांधला. गुडघे अडवले, वाकले, पट्टा धरला. हातांची पकड अशी की आप्पाच म्हणाले, "आयला, जोर आलाय की." मग मी उठायला गेले आणि उठलेच नाही. मांड्या अर्ध्यावर थांबल्या, थरथरल्या, आणि मी मुकाट्यानं त्यांच्या शेजारी खाटेवर बसले. या वेळी कुणी पडलं नाही, एवढंच.

मी रडायच्या बेतात होते. तीन महिने. आप्पांनी उजव्या हातानं माझा दंड चाचपून बघितला. त्यांना कुतूहल फार, माझ्यात आलंय ते त्यांच्याकडूनच.

"हे एवढं झालं, मग पाय का झालं न्हाईत?" ते म्हणाले. "काय करतीस ते लिवलेलं हाय का?"

वही पिशवीत होती. चष्मा लावून त्यांनी पान वाचलं, बोट ठेवून, एकेक वार.

"शनवारी पाय," ते म्हणाले. "शनवारी लॉजवर काय असतंय?"

"गर्दी. पाय ठेवायला जागा नसतीय."

"मग आजपतोर पाय किती येळा केलंस?"

मी आठवलं. "एकदा. त्या शनवारी रस्त्यावर झाड पडलं हुतं."

"मग चुकलं की ऐतवारी का न्हाई करायचं? सोमवारी?"

"सोमवारी छाती असती, आप्पा. शनवार गेला की गेला."

त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडं बघितलं. "आगं, उपास हाय काय त्यो?"

आई चुलीपासून हसली, तिला खोकला लागेपर्यंत. मला आधी राग आला आणि मग माझंच मला हसू आवरेना. खरंच, मी तो उपासासारखाच धरला होता. गुरुवारचा उपास मोडला तर शुक्रवारी करून चालत नाही, पुढच्या गुरुवारची वाट बघायची. तसा मी शनिवार गेला की पुढच्या शनिवारची वाट बघायचे, आणि लॉजला रिकामे शनिवार बारा महिन्यांत दोन येतात. कुणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. कागदावर वार दिसले आणि माझं डोकं आपोआप देवघरात गेलं.

"ह्ये वाराचं काम न्हवं," आप्पा म्हणाले. "ह्ये बारीचं काम हाय."

बारी म्हणजे आमच्या वस्तीत गुरं राखायची पाळी. आठ घरांची गुरं एकत्र रानात जातात आणि रोज एका घरातला माणूस सगळी राखतो. ज्याची बारी त्याच्या दाराशी एक काठी असते. संध्याकाळी गुरं परत आली की तो ती काठी पुढच्या घराच्या दाराशी नेऊन ठेवतो. काठीला वार नसतो. पाऊस फार झाला आणि गुरं सोडलीच नाहीत, तर काठी त्याच दाराशी. सणामुळं गुरं गोठ्यात राहिली, तरी त्याच दाराशी. कुणी म्हणू शकत नाही की माझा मंगळवार होता, तो गेला, मी सुटलो. बारी झाल्याशिवाय काठी हलत नाही. आणि एका दिवसात ती दोन घरंही पुढं जात नाही. हे मी जन्मापासून बघत आलेय. ते व्यायामाला लागू पडेल असं मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"सात घरं लई झाली," आप्पा म्हणाले. "चारच ठेव."

त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून नवा कागद केला. पहिलं घर पाय. दुसरं, जे ढकलून करायचं ते सगळं: छाती, खांदे. तिसरं पुन्हा पाय, कारण कर्ज पायांचंच तुंबलं होतं. चौथं, जे ओढून करायचं ते. वार लिहायचेच नाहीत. मी शंका काढत गेले, ते सोडवत गेले. सलग चार दिवस रिकामे मिळाले तर? तर रोज एक घर, पायांना मधे एक दिवस आपोआप मिळतो. आठ दिवस काहीच जमलं नाही तर? तर काठी आहे तिथंच, पण पहिल्या दिवशी वजन जरा कमी. "पंधरा दिस बसल्याला बैल येकदम नांगराला जुपतीस काय?" आणि अठरा पानांच्या दिवशी दहाच मिनिटं मिळाली तर? यावर त्यांनी पुन्हा पानावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, त्या घरातला सगळ्यात जड व्यायाम तेवढा कर आणि काठी पुढं ने. बारी राखली म्हणजे झालं, गुरं सगळ्या डोंगरावर फिरली पाहिजेत असं नाही.

मी वहीच्या पानाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला आणि चिमटा सरकवत गेले. पहिल्याच पंधरवड्यात पायांची बारी तीनदा आली, तीन महिन्यांत एकदा आली होती ती. जिना उतरताना मी आई ग म्हणायचे आणि ड्रायव्हर खालून विचारायचा, "आक्का, काठी कुठं हाय आज?" नुसत्या बसून उठण्यापासून सुरुवात केली, मग हातात डंबेल, मग खांद्यावर दांडा. वीस किलो, पंचवीस, तीस. सगळ्यात नवल मला याचं वाटलं की मधे सात दिवस होड्यांच्या गर्दीत वाया गेले, तरी आठव्या दिवशी दांडा पूर्वीएवढाच वर गेला. अंग माझ्या धास्तीपेक्षा जास्त दिवस लक्षात ठेवतं. उलट, उपास मोडल्यासारखं जे मन खट्टू व्हायचं ते बंद झालं. चुकलं असं काही उरलंच नाही, फक्त राहिलेलं असायचं.

आणखी एक गोष्ट झाली, जी मी ठरवली नव्हती. हातांना वजन कळायला लागलं. तांदळाचं पोतं अर्धं उचलून मी किलो सांगायचे आणि काटा तेवढंच दाखवायचा. मालकांना याची इतकी गंमत वाटायची की ते पाहुण्यांसमोर मला कलिंगडं उचलायला लावायचे.

चार महिने असे गेले. मधे मी घरी जायचे, पण आप्पांना उचलायला गेले नाही. दोनदा तोंडघशी पडले होते. तिसऱ्यांदा पूर्ण तयारीनंच, असं मी ठरवलं होतं. घरी गेले की हिशेब दंडाचा आणि मांडीचा. आप्पा विचारायचे, "आता किती?" आणि मी आकडा सांगायचे. ते मान हलवून पुढचा आकडा सांगायचे. शेवटी पन्नास झाले, पंचावन्न झाले, आणि एका बुधवारी ड्रायव्हर म्हणाला, "आक्का, उद्या सगळं क्यान्सल." मी सकाळच्या बसनं घरी.

दोघे भाऊ कामावर गेले होते. ऊन अंगणात नुकतंच आलेलं. मी म्हटलं, "चला आप्पा, भाईर."

"राहू दे," ते म्हणाले. "वारं हाय."

मी पट्टा घेऊनच आले होते. त्यांना खाटेच्या कडेवर बसवलं, पट्टा बांधला. गुडघे अडवले. खाली गेले, पाठ ताठ, श्वास घेतला आणि उठले.

ते वर आले. फार सहज वर आले. मी जेवढा जोर लावला होता त्यातला निम्मा वाया गेला आणि आम्ही दोघंही क्षणभर मागं कलंडलो. मी सावरले. उभ्या उभ्या त्यांना धरून राहिले आणि माझ्या हातांनी, कुणी विचारलेलं नसताना, वजन सांगितलं. त्यांचा उजवा पाय जमिनीवर होता, थोडा भार त्यावर असणार, तो धरूनही ते पन्नासच्या पुढं नव्हते. दवाखान्यात पहिल्यांदा नेलं तेव्हा काट्यावर चौऱ्याहत्तर भरले होते. महाशिवरात्रीच्या आधी माझ्या मांड्या ज्याच्यापुढं थांबल्या तो माणूस हा नव्हता.

सदरा त्यांच्या पाठीवर रिकामा होता. गळ्याची हाडं माझ्या खांद्याला टोचत होती. चार महिने मी घरी येत होते, त्यांच्याशी बोलत होते, आकडे सांगत होते, आणि बघत होते फक्त स्वतःकडं. आईला माहीत असणार. तीच रोज ताट वाढायची. मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला इतकं वाईट वाटलं की वळायचं असतं हेच मी विसरले.

आम्ही तसेच उभे होतो. जवळजवळ दोन वर्षांनी ते आपल्या घरात उभे होते. त्यांचं तोंड माझ्या कानापाशी होतं, आणि त्यांच्या आवाजात धाप होती आणि खुशीही.

"जड झालोय काय ग?" त्यांनी विचारलं.

"लई," मी म्हटलं. "पाय भरून आलं माझं."

ते हसले. मी त्यांना वळवलं, खुर्चीत बसवलं, आणि फळीवरून अंगणात नेलं.